घोड्याचा पाय : आधी बर्फ, शेक नंतर

हिंगोली, वसमत, कळमनुरी भागात लग्नसराई आली की वरातीच्या घोड्यांना उसंत नसते. डांबरी रस्त्यावर बँडच्या तालावर नाचवलेला घोडा दुसऱ्या दिवशी लंगडतो. मग घरगुती उपचार सुरू होतात : गरम हळदीचा लेप, विटेचा शेक, कधी बिब्बा, तर कधी थेट डाग. पण ताज्या दुखापतीला पहिल्या दिवशी उष्णता नको, गारवा हवा.

याचं कारण घोड्याच्या पायाच्या रचनेत आहे. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. तिथे हाड, त्यावर दोरखंडासारख्या कंडरा आणि वर पातळ कातडी असते. साडेतीनशे-चारशे किलोंचा भार या कंडरा पेलतात. भरधाव धावताना त्यांच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. कंडरेतले धागे तुटले की तिथे रक्त साचतं, सूज येते आणि सुजेमुळे आजूबाजूच्या चांगल्या पेशींचंही नुकसान होतं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, सूज आटोक्यात राहते आणि वेदना कमी होते. उलट शेकाने रक्तप्रवाह वाढून सूज बळावते. बिब्बा आणि डाग यांनी तर मूळ दुखण्यावर कातडी भाजल्याची भर पडते.

उपाय सोपा आहे. उंच बादलीत पाणी आणि बर्फ घालून घोड्याचा पाय त्यात वीस मिनिटं ठेवावा. पहिले दोन दिवस दिवसातून तीन-चार वेळा असं करावं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी चांगलं, कारण ते पायाला चहूबाजूंनी भिडतं. बर्फ नसेल तर विहिरीच्या गार पाण्याची धारही उपयोगी पडते.

दुखापतीशिवाय आणखी एका आजारात थंडी मोलाची ठरते. घोड्याने धान्याच्या पोत्यात तोंड घालून ज्वारी-मका भरपूर खाल्ला, त्याला जोराची हगवण लागली किंवा व्यायल्यावर घोडीचा वार अडकला, तर शरीरात पसरणाऱ्या विषारी घटकांमुळे खुराच्या आत दाह होतो. याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना जोडणारे पापुद्रे सुटू लागतात. घोडा जन्माचा पांगळा होऊ शकतो, कधी दगावतोही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातील अँड्र्यू व्हॅन एप्स आणि ख्रिस पॉलिट यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांचा फक्त एक पुढचा पाय ४८ तास बर्फाच्या पाण्यात ठेवला. त्याच घोड्याच्या इतर पायांच्या तुलनेत त्या खुरातली इजा खूपच कमी होती. पुढे २०१४ मध्ये आतड्याचा दाह झालेल्या १३० घोड्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. खुरांना बर्फ दिलेल्यांपैकी सुमारे १० टक्के, तर न दिलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के घोड्यांना लॅमिनायटिस झाला.

मात्र इथे वीस मिनिटं पुरत नाहीत. खूर सलग दोन-तीन दिवस १० अंशांखाली ठेवावा लागतो आणि तोही लंगडणं सुरू होण्याआधी. म्हणून घोड्याने पोतं फस्त केलं की वाट पाहू नये. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेला लगेच फोन करावा आणि बर्फाची लादी मागवावी. घोड्याचा पाय इतका वेळ थंडी सोसतो. माणसाला हे लागू नाही. पाय मुरगळल्यास आपण कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटंच लावावा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये.

एक धोका ध्यानात ठेवायला हवा. बर्फाने वेदना दबते, इजा मात्र तशीच राहते. पाय टेकवत नसेल, हाड मोडल्याची शंका असेल किंवा खोल जखम असेल, तर घोडा जागचा हलवू नये. आणि बर्फ लावल्यावर घोडा नीट चालतोय म्हणून संध्याकाळच्या वरातीत उभा करणं, म्हणजे अर्धी तुटलेली कंडरा पूर्ण तोडणं. अशा घोड्याला विश्रांतीच द्यायला हवी, मग वरातीची सुपारी हातची गेली तरी चालेल.