पेशीच्या अंगावरचे आकडे

चेंबूरहून हार्बर लाइनने एका दिशेला शिवडी, म्हणजे परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय. दुसऱ्या दिशेला खारघर, म्हणजे टाटाचंच ॲक्ट्रेक केंद्र. ज्या घरात मुलाला ल्युकेमिया झाला, तिथे ही दोन्ही टोकं पाठ होतात. आणि एक रिपोर्टही पाठ होतो: सीडी-१९ पॉझिटिव्ह, सीडी-१० पॉझिटिव्ह, सीडी-३४ पॉझिटिव्ह. ते वाचून आईबापांच्या पोटात गोळा येतो. खरं तर या खुणा धडधाकट मुलाच्या बोन मॅरोतही असतात. कोणत्या खुणा एकत्र आणि किती प्रमाणात दिसतात, रोग त्यावरून ओळखायचा.

या खुणा म्हणजे पांढऱ्या पेशींवरची प्रथिनं. त्यांना सीडी क्रमांक द्यायची पद्धत १९८२ साली पॅरिसला ठरली. बी-पेशींचा ल्युकेमिया आणि टी-पेशींचा, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून कमरेच्या हाडातून काढलेला मॅरो प्रयोगशाळेत जातो, त्यातल्या पेशींना चमकत्या रंगांची प्रतिपिंडं चिकटवतात आणि फ्लो सायटोमीटरमध्ये लेझरसमोरून एकेक पेशी सोडतात. सीडी-१९ उजळला तर बहुधा बी. पेशीच्या पोटात सीडी-३ सापडला तर टी.

खरी कसोटी महिन्याभराने. पहिल्या फेरीची केमो संपल्यावर दहा हजारांत एखादी रोगट पेशी उरली आहे का, हे शोधायचं असतं. नेमक्या त्याच सुमारास मॅरो सावरू लागतो आणि कोवळ्या, निरोगी बी-पेशींचं पीक येतं. त्यांच्यावरही सीडी-१० आणि सीडी-१९! फरक चालीत असतो. निरोगी पेशी इयत्ता चढत जातात: सीडी-३४ गळतो, सीडी-१० फिकटतो, सीडी-२० चढतो. रोगट पेशी एकाच वर्गात नापास होत बसते. तिचा सीडी-१० अनेकदा भडक असतो, सीडी-३८ मात्र फिका. यंत्र ठिपके काढून देतं, त्यांचा अर्थ लावायला मुरलेला डोळाच लागतो.

आता याच सीडी-१९वर नेम धरणारे उपचार आले आहेत. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या अशाच उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. पण मार बसला की काही रोगट पेशी सीडी-१९ टाकून देतात आणि नेहमीच्या तपासणीतून निसटतात. मग सीडी-२२, सीडी-२४ अशा दुसऱ्या खुणांवरून त्यांचा माग काढावा लागतो. त्यामुळे असा उपचार झाला असेल, तर नमुन्याबरोबरच्या कागदावर तो लिहिला आहे ना, हे पालकांनी बेधडक विचारावं.