दोन मालकांचे वेतन, एक विवरणपत्र

एकच शीर्षक

शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत वर्षाच्या मध्यावर कंपनी बदलणे नित्याचे आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात जितक्या मालकांनी पगार दिला, त्या साऱ्यांचा पगार आयकराच्या हिशेबात ‘वेतन’ या एकाच शीर्षकाखाली येतो. मग नोकऱ्या एकामागून एक असोत वा एकाच वेळी. निवृत्तिवेतनही वेतनच. दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त होऊन कुरकुंभला सुरक्षा पर्यवेक्षक झालेल्या माणसाचे पगार म्हणूनच दोन.

तूट कशी पडते

प्रत्येक मालक आपण दिलेल्या पगारापुरताच अंदाज बांधून टीडीएस कापतो. वेतनातून सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट आणि १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८७अ ची करसूट दोन्ही मालक स्वतंत्रपणे धरतात. प्रत्यक्षात ती वर्षातून एकदाच मिळते. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली: एका अभियंत्याला रांजणगावात ८ महिन्यांचे ८,००,००० आणि कुरकुंभात ४ महिन्यांचे ५,६०,००० रुपये मिळाले, असे समजू. दोन्हीकडे टीडीएस शून्य. बेरीज १३,६०,०००, त्यातून प्रमाणित वजावटीचे ७५,००० गेल्यावर १२,८५,०००. ही रक्कम १२ लाखांच्या सूटमर्यादेपलीकडे जाते, त्यामुळे ७२,७५० रुपये कर आणि ४ टक्के उपकर मिळून ७५,६६० रुपये एकदम भरावे लागतात. देय कर १०,००० रुपयांच्या वर असल्याने अग्रिम कर न भरल्याचे व्याज वेगळेच.

आधीच्या पगाराची माहिती नव्या मालकाला आपोआप कळते, या गैरसमजाचे मूळ बहुधा भविष्यनिर्वाह निधीत असावे. निधीचा खातेक्रमांक (यूएएन) नव्या कंपनीत तोच राहतो. आयकराची माहितीही तशीच पुढे गेली असेल, असे गृहीत धरले जाते. ती जात नाही.

फॉर्म १२बी

आधीच्या पगाराचा व कापलेल्या कराचा तपशील १९६१ च्या कायद्याखालील या फॉर्मवर नव्या मालकाला देता येतो. तो देणे ऐच्छिक. मात्र दिल्यावर नव्या मालकाला एकत्रित रकमेवर कर कापावा लागतो. बोजा उरलेल्या महिन्यांत विभागला जातो, पण हाती येणारा पगार घटतो. हा फॉर्म टाळला जाण्याचे कारण बहुधा हेच.

विवरणपत्रातील नोंद

प्रत्येक मालकाची नोंद त्याच्या टॅन क्रमांकासह वेगळी होते, प्रमाणित वजावट मात्र एकूण वेतनातून. दोन्ही फॉर्म १६ मधील करपात्र रकमांची नुसती बेरीज केली, तर वजावट दोनदा धरली जाते. म्हणून सुरुवात ढोबळ वेतनापासून करावी लागते. फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात दोन्ही मालकांच्या नोंदी दिसतात, त्यामुळे वगळलेला पगार लपत नाही.

वेतन नसलेले पैसे

कंपनीने ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून १९६१ च्या कायद्याच्या कलम १९४जे खाली कर कापून दिलेली रक्कम व्यवसायाच्या उत्पन्नात जाते. तिला प्रमाणित वजावट नाही. साखर कारखान्याकडून आलेले उसाचे बिलही वेतन नव्हे. ते शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त असते. पण निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक झाले, की आयटीआर-१ चालत नाही, आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपलीकडे असेल तर वेतनावरील कराचा दर ठरवताना ते मोजले जाते. त्यामुळे घोड आणि भीमेच्या काठच्या पगारदार ऊसबागायतदाराला साधारणतः आयटीआर-२ भरावा लागतो.