बाळंतिणीला हेही विचारा
इंदूरला माझं पहिलं बाळंतपण झालं. कळा लांबल्या, पाठीत भुलीचं इंजेक्शन द्यावं लागलं. मुलगी सुखरूप झाली, पण आठ तास उलटले तरी मला लघवी लागल्याचं जाणवेना. सांगायची लाज वाटली. ओटीपोट फुगलेलं आईनंच पाहिलं. नळी घातल्यावर जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. मूत्राशय फार ताणलं की त्याच्या नसा आणि स्नायू दुखावतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मग घरी घड्याळ लावून, लागो न लागो, दर तीन तासांनी जात राहिले. तीन आठवड्यांनी जाणीव परतली.

शेक-शेगडी, आळिवाची खीर आपण विसरत नाही. तसंच बाळंतिणीला विचारा, "लघवी झाली का गं?" सहा तासांत झाली नसेल, तर लगेच नर्सला सांगा.