पाचव्या चाकाचा हिशेब
आखूड हौद्याच्या पिकअपसाठी हलकी जोडणी निवडताना

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर वळण घेताना पाहणे हा महामार्गावरील नित्याचा अनुभव आहे. पुढचे वाहन काटकोनात वळते, मागचा ट्रेलर सावकाश त्याच्यामागे येतो, तरीही दोघांची संगत सुटत नाही. ही संगत राखणारी, पुढच्या वाहनाच्या पाठीवर बसवलेली पोलादी थाळी म्हणजे ‘फिफ्थ व्हील’, अर्थात पाचवे चाक. नाव चाकाचे असले तरी ते रस्त्यावर धावत नाही. घोडागाडीच्या पुढील आसावर वळण्यासाठी आडवे कडे बसवलेले असे. चार चाकांनंतरचे म्हणून ते पाचवे. घोडे गेले, नाव मात्र राहिले.

अमेरिकेत आणि कॅनडात हेच तत्त्व कौटुंबिक प्रवासाच्या सेवेस जुंपले गेले. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचे फिरते घर तयार केले. त्याचा पुढील भाग मोटारीच्या मागील भागावर टेकत असे. आज शयनगृह, स्वयंपाकघर आणि स्नानगृह असलेले असे ट्रेलर पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीला अडकवून अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने भ्रमंती करतात. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे या उद्योगाचे प्रमुख केंद्र मानले जाते. ट्रेलरचा भार ट्रकच्या शेपटावर न पडता मागील आसावर पडतो, त्यामुळे अशी जोडी रस्त्यावर अधिक स्थिर चालते.

मात्र पिकअपचे रूप काळानुसार पालटले आहे. चार दारांची ऐसपैस केबिन लोकप्रिय झाली आणि पूर्वीचा आठ फुटी हौदा अनेक गाड्यांत साडेपाच ते साडेसहा फुटांवर आला. अशा गाडीसाठी जोडणी निवडताना दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात: एक जागेचा, दुसरा भाराचा. एकाचे उत्तर शोधावे तर दुसरा बिकट होतो, हीच या निवडीतील खरी मेख आहे.

जागेचा प्रश्न

ट्रेलरची रुंदी साधारणतः आठ ते साडेआठ फूट असते. ट्रक काटकोनात वळला की ट्रेलरची अर्धी रुंदी, म्हणजे ४८ ते ५१ इंच, जोडणीच्या मध्यबिंदूपासून केबिनच्या दिशेने पुढे येते. हा मध्यबिंदू मागील आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असावा, असा नियम आहे. तो मागे गेला तर पुढची चाके हलकी होऊन सुकाणूवरील पकड कमी होते. आखूड हौद्यात आसापासून केबिनपर्यंतचे अंतर बहुधा ४८ इंचांहून कमी भरते. परिणामी ट्रेलर मागे घेताना त्याचा कोपरा केबिनची मागील काच फोडू शकतो.

यावर सरकती जोडणी हा रूढ उपाय आहे. हाताने सरकवायच्या प्रकारात चालक गाडी थांबवतो, खीळ सोडवतो आणि जोडणी मागे नेतो. संथ हालचाल आटोपल्यावर ती पुन्हा मूळ जागी आणून पक्की करावी लागते. ‘सुपरग्लाइड’सारख्या स्वयंचलित प्रकारात वळणाबरोबर जोडणी आपोआप मागे सरकते. सोय मोठी आहे, पण सरकती यंत्रणा म्हणजे अधिक पोलाद, आणि अधिक पोलाद म्हणजे अधिक वजन.

भाराचा हिशेब

ट्रकच्या जाहिरातीत ओढक्षमतेचा आकडा ठळक छापलेला असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती केवळ कमाल मर्यादा होय. खर्च करण्याजोगी शिल्लक वेगळीच असते. ही शिल्लक म्हणजे भारक्षमता. चालकाच्या दाराजवळील लेबलवर ती पौंडांत आणि किलोग्रॅममध्ये नोंदलेली असते. माणसे, सामान, जोडणी आणि ट्रेलरने हौद्यावर टाकलेला भार, हे सारे या एकाच खात्यातून वजा होते.

फिफ्थ-व्हील ट्रेलर आपल्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार हौद्यावर टाकतो. हिशेबासाठी २० टक्के धरण्याची प्रथा आहे. समजा, एका ट्रकची भारक्षमता १,७०० पौंड आहे आणि सामानासह ट्रेलरचे वजन ६,००० पौंड. हौद्यावर १,२०० पौंड आले. चालक आणि सहप्रवासी मिळून ३२० पौंड. उरले १८० पौंड. आता जोडणीच २०० पौंडांची असेल, तर एकही बॅग ठेवण्यापूर्वी खाते तुटीत गेले. तीच जोडणी ४० पौंडांची असेल तर १४० पौंड हाती राहतात. ट्रेलरचा भार २० ऐवजी २२ टक्के निघाला तर त्यातलेही १२० पौंड जातात. हलक्या जोडणीचे मोल येथे कळते. आणि तिच्या बळावर मोठा ट्रेलर घेण्याचा मोह किती धोक्याचा, हेही कळते.

हलकी जोडणी: गुण आणि मर्यादा

पारंपरिक पोलादी जोडणीत ट्रेलरची दोन इंच व्यासाची किंगपिन मजबूत जबड्यात पकडली जाते. रुळांसह अशा जोडणीचे वजन शंभर ते तीनशे पौंडांच्या घरात जाते. हलक्या जोडणीत आराखडाच निराळा असतो. अँडरसन कंपनीच्या ‘अल्टिमेट’ या ॲल्युमिनियमच्या जोडणीचे वजन सुमारे ३५ पौंड आहे. पिरॅमिडसारख्या चौकटीच्या माथ्यावर एक गोळा असतो आणि किंगपिनला बसवलेली टोपी त्यावर बसते. एकटा माणूस ती उचलून बाजूला ठेवू शकतो, त्यामुळे इतर दिवशी हौदा मालवाहतुकीस मोकळा राहतो.

तथापि, हलकी जोडणी जागेचा प्रश्न पूर्णपणे सोडवत नाही. टोपी मागच्या बाजूस वळवून बसवल्यास काही इंचांचा लाभ होतो, इतकेच. म्हणून पुढील कोपरे आत घेतलेला ट्रेलर निवडणे, हा आखूड हौद्यासाठी अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो. ‘साइडवाइंडर’सारखी पिनपेटी हा आणखी एक पर्याय असून त्यात वळणाचा बिंदूच मागे नेलेला असतो, परंतु अशी पेटी प्रत्येक जोडणीशी जुळत नाही. किंगपिनवर काहीही वेगळे बसवण्यापूर्वी ट्रेलरच्या सांगाड्याची हमी त्यामुळे बाधित होते का, हे उत्पादकाकडून लेखी विचारून घ्यावे.

खरेदीपूर्वीची पडताळणी

प्रथम दाराजवळील लेबल वाचावे. गाडी घेतल्यानंतर बसवलेल्या प्रत्येक जादा वस्तूचे वजन त्यातून वजा करावे. आसापासून केबिनपर्यंतचे अंतर टेपने स्वतः मोजावे. ट्रेलर समपातळीत उभा असताना त्याचा तळ आणि हौद्याची कड यांत साडेपाच ते सहा इंचांचे अंतर राहते ना, ते पाहावे. अन्यथा चढउतारावर दोन्ही एकमेकांवर आदळतात. जोडणी एसएई जे-२६३८ या मानकानुसार तपासलेली असावी. अखेरीस ट्रेलर भरून, सर्वांना गाडीत बसवून, वजनकाट्यावर प्रत्येक आसाचे वजन घ्यावे. कागदावरचा अंदाज आणि काट्यावरची पावती यांत पावतीच खरी मानावी.

जोडणी हलकी असो वा जड, प्रत्येक वेळी ओढून पाहण्याची परीक्षा मात्र टाळू नये. ट्रेलरचे पुढचे टेकू जमिनीला जेमतेम टेकलेले ठेवावेत, ट्रेलरचे ब्रेक लावावेत आणि ट्रक हळुवार पुढे घ्यावा. पकड अपुरी असेल तर ती येथेच उघडी पडते. अन्यथा भर रस्त्यात ट्रेलर हौद्यावर कोसळण्याचा प्रसंग ओढवतो.

ट्रक आणि ट्रेलर ही दोन्ही बहुधा कर्जाने घेतली जातात. जोडणीचा विचार सर्वांत शेवटी होतो. वस्तुतः क्रम उलट असावा. परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांपैकी कोणी अशा भ्रमंतीचा बेत आखत असेल, तर रंग, सजावट आणि हप्ता ठरवण्यापूर्वी दाराजवळच्या त्या लहानशा लेबलवर त्याने नजर टाकावी. त्यावरील आकडा लहान असेल, तर लहान ट्रेलर घ्यावा किंवा मोठी गाडी. जोडणी कितीही हलकी मिळाली, तरी तो आकडा ती वाढवू शकत नाही.