जगवायचं झाड आधी ठरवा
(धंदा थांबू नये म्हणून : लेखांक ५)

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, हे सगळ्यांना आठवतं. काही बागा त्यातूनही वाचल्या. त्या कशा वाचल्या, हे फारसं कुणी विचारत नाही. परतूरहून माजलगावकडे जाताना लागणाऱ्या आष्टीसारख्या गावात ज्याचं दुकान आहे, त्याला संकटाची आखणी शिकायला अशी वाचलेली एक बाग पुरेशी आहे.

मोसंबीला पाणी कमी पडलं की आधी पानं वळतात, मग शेंडे वाळू लागतात. फळं मात्र झाडाला चिकटून ओल ओढतच राहतात. म्हणून जाणता बागायतदार काळजावर दगड ठेवून फळं तोडून टाकतो, आंबिया बहार धरतच नाही, फांद्या छाटतो आणि आळ्यात पाचटाचं जाड आच्छादन घालतो. त्या हंगामाचं उत्पन्न गेलं तरी चालेल, झाड राहिलं पाहिजे. कारण नवी लावलेली बाग फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात.

याहून अवघड निर्णय पुढेच असतो. समजा चारशे झाडं आहेत आणि विहिरीत दीडशे झाडांपुरतंच पाणी. सगळ्यांना थोडं थोडं दिलं तर मार्चमध्ये चारशेही हिरवी दिसतात आणि मेमध्ये चारशेही जातात. दीडशे कोणती, हे विहिरीत पाणी असतानाच, दिवाळीच्या सुमारास ठरवावं लागतं. तळ दिसल्यावर माणूस ठरवत नाही, नुसता धावतो.

त्याच २०१२ साली व्यवसाय चालू ठेवण्याच्या आखणीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २२३०१, पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे : कोणतं काम किती वेळ बंद राहिलं तर निभेल, आणि कोणतं अजिबात बंद पडू द्यायचं नाही?

आता कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर या. जूनमधली सकाळ आहे, रात्री पाऊस झालाय, वाफसा आला की पेरणी. दहा-बारा जण उभे आहेत. अनुदानाचं खत ई-पॉस यंत्रावर घेणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय विकता येत नाही, आणि ती बहुधा अंगठ्यानंच पटवली जाते. मातीनं झिजलेला अंगठा धोतराला पुसून पुन्हा पुन्हा टेकवला जातो, आणि तेवढ्यात रेंज जाते. या खताची पावती हातानं फाडून भागत नाही. म्हणजे या दुकानातलं जगवायचं झाड म्हणजे ते यंत्र. त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम, रात्रीच चार्ज केलेली बॅटरी आणि बिघाड झाला तर कुणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. घाऊक व्यापाऱ्याचा हिशेब आठवडाभर थांबला तरी आभाळ कोसळत नाही. त्या सकाळी मालकानं हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसू नये.

हे सगळं एकट्यानं होतं असंही नाही. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानं पाणलोटाचं काम झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, मग शेततळी, मग द्राक्षं. २०१२ चा दुष्काळ आला तेव्हा त्या तयारीला दीड दशक झालं होतं, आणि गावातल्या द्राक्षबागा टिकल्या. मात्र शेततळ्याबद्दल मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवणारं तळं वेगळं आणि बोअर उपसून भरलेलं तळं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या तळ्यानं शेजाऱ्याची विहीर आटते. शेजारी बुडाला तर तुमच्या दुकानातली उधारीही त्याच्याबरोबर बुडते, तेव्हा अशा आखणीला मी आखणी म्हणणार नाही.

या आठवड्यात एक कागद घ्या. दुकानातली, गिरणीतली, दूध संकलनातली रोजची कामं लिहा आणि प्रत्येकापुढे ते किती तास बंद चालेल तो आकडा घाला. आकडा घरच्यांना आणि कामावरच्या पोरालाही विचारा, त्यांचा बहुधा वेगळा निघेल. जिथे मोठा फरक पडेल तिथे खूण करा. पुढच्या लेखांकात त्या खुणांपासून सुरुवात करू, आणि मग उधारीच्या वहीकडे वळू : ती एकच प्रत असते, एकाच गल्ल्यात, आणि तिच्यातल्या खुणा मालकाशिवाय कुणाला वाचता येत नाहीत.