इंजिन तापण्यापूर्वी

आपण आज पस्तिशी-चाळिशीच्या घरात असाल, तर दूरचित्रवाणी संचाला जोडायचा तो ‘व्हिडिओ गेम’ आपल्या स्मरणात निश्चितच असेल. कॅसेट खाचेत बसवायची, चित्र उमटले नाही की बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची! त्या कॅसेटमधील अनेक खेळांत मातीच्या, चढउतारांच्या वाटेवरील मोटारसायकलींची एक शर्यत असे. उंचवट्यावरून गाडी हवेत झेपावे आणि तोल चुकला की स्वार धुळीत लोळे. ‘एक्साइटबाइक’ हे त्या खेळाचे नाव. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो १९८४ मध्ये आणला. शिगेरू मियामोतो हे त्याचे रचनाकार. आपल्याकडील अनेक घरांत तो नव्वदच्या दशकात, मूळ यंत्राच्या स्वस्त नकलांमधून पोहोचला.

त्या खेळाची रचना आज पुन्हा आठवून पाहण्याजोगी आहे. गाडी चालवण्यासाठी दोन बटणे होती. एकाने ती नेहमीच्या वेगाने धावे, दुसऱ्याने सुसाट सुटे. मात्र सुसाट वेगाबरोबर पडद्याच्या खालच्या भागातील तापमानाची पट्टी भरत जाई. ती पूर्ण भरली की गाडी वाटेच्या कडेला थांबे आणि इंजिन निवेपर्यंत खेळाडूला काहीही करता येत नसे. इतर स्वार पुढे निघून जात. सतत वेगाचे बटण दाबून धरणारा मूल लवकरच शिके, की मधून मधून हात सैल सोडणे हाही जिंकण्याचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा खेळ एका वेळी एकालाच खेळता येई. तरीही आपल्या आठवणीत आपण एकटे नसतो. पाठीमागे भावंडे असतात, शेजारची मुले असतात. कोणी ‘पुढचे चाक उचल’ म्हणून ओरडते, कोणी आपली पाळी कधी येणार म्हणून कुरकुरते. यंत्र एक, दूरचित्रवाणी संच एक, म्हणून पाळी लावणे अपरिहार्य होते. बातम्यांची वेळ झाली की खेळ आपोआप संपे. स्वतःची वाट आखण्याची सोयही त्यात होती. पण आपल्याकडील यंत्रांवर ती जतन होत नसे. म्हणून जे रचले ते तेव्हाच कोणाला तरी दाखवावे लागे.

गतकाळाच्या ओढीला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा सुंदर शब्द आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाने या ओढीची गणना व्याधीत केली होती. आज मानसशास्त्र तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की अशा आठवणींच्या केंद्रस्थानी बहुधा जिवलग माणसे असतात आणि त्या आठवल्याने आपलेपणाची भावना दृढ होते. त्या शर्यतीने आपल्याला दिलेला खरा ठेवा हाच.

अर्थात स्मृती निवडक असते. पाळीवरून झालेली भांडणे आणि आईची बोलणी ती सोयीने विसरते. म्हणून ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य मुलांना ऐकवू नये. त्यांच्यापुढील अडचण वेगळी आहे. हातातील मोबाइलवर पाळी नाही, बातम्यांची वेळ नाही, आणि पुष्कळशा खेळांना शेवटही नाही. थांबण्याच्या ज्या जागा पूर्वी परिस्थितीच देत असे, त्या आता कुटुंबाला निर्माण कराव्या लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग विकार’ रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात समाविष्ट केला आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून त्याला अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसूनही तो चालू राहणे ही त्याची लक्षणे होत. निदानासाठी ती साधारणतः बारा महिने दिसावी लागतात. तेव्हा सुट्टीत दोन तास खेळणाऱ्या मुलावर हा शिक्का मारू नये. परंतु झोप, अभ्यास आणि मैत्री सतत मागे पडत असतील, तर तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. याच संघटनेच्या मते दोन ते चार वर्षांच्या बालकांनी पडद्यासमोर बसून घालवलेला वेळ दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा. आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल हवी.

या पंधरवड्यात एवढे करून पाहा. मुलांचा आवडता खेळ मोठ्या पडद्यावर लावा आणि स्वतः एक पाळी मागून घ्या. हरलात तर मनापासून हसा. ‘किती वेळ’ याबरोबरच ‘कोणासोबत’ हेही विचारा. घड्याळाकडे पाहून मधेच पडदा बंद करण्यापेक्षा ‘ही फेरी संपली की थांबू’ असे आधीच ठरवा. नंतर सायकली काढून जवळच्या मातीच्या वाटेवर एक फेरी मारा. तेथेही चढ लागेल, दम लागेल, थांबावे लागेल. थांबलात की त्या जुन्या शर्यतीची गोष्ट मुलांना सांगा. शेजारी कोण बसले होते, हे सांगायला मात्र विसरू नका.