गटारातील मृत्यू आणि कायद्यातील जबाबदारी

गटारात उतरलेला माणूस मेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठरलेले वाक्य छापून येते : 'विषारी वायूने गुदमरून सफाई कामगाराचा मृत्यू.' या वाक्यात मारणारा वायू आहे, मेलेला कामगार आहे. त्याला खाली पाठवणारा मात्र कोठेच नाही. वाक्यातून जो कर्ता नाहीसा होतो, तोच पुढे पोलीस ठाण्याच्या नोंदीतून नाहीसा होतो. 'अकस्मात मृत्यू' एवढीच नोंद झाली की प्रकरण मिटले. म्हणून हा कर्ता शोधायचा कसा, हा प्रश्न वकिलांवर सोडून चालणार नाही. कार्यकर्त्याने, शिक्षकाने, विद्यार्थ्याने तो समजून घेतला पाहिजे.

कायद्याच्या अभ्यासकांनी धोक्याच्या कामांबाबत दोन मार्ग सांगितले आहेत. पहिला नियमनाचा : अपघात होण्यापूर्वीच शासनाने नियम घालून द्यायचे, तपासणी करायची, बंदी आणायची. दुसरा दायित्वाचा : अपघात झाल्यावर ज्याच्यामुळे तो झाला त्याच्याकडून भरपाई घ्यायची, म्हणजे पुढच्या वेळी तो आणि त्याच्यासारखे इतर जपून वागतील. अमेरिकन अभ्यासक गिडो कॅलब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या खर्चावरील आपल्या ग्रंथात विचारले : अपघात टाळणे कोणाला सर्वांत कमी खर्चात शक्य होते? बोजा त्याच्यावर टाका. पुढे १९८४ साली स्टीव्हन शॅव्हेल यांनी कोणता मार्ग केव्हा वापरावा याच्या चार कसोट्या मांडल्या. धोक्याचे ज्ञान कोणाला अधिक आहे? नुकसान करणाऱ्याची भरपाई देण्याची ऐपत आहे का? त्याच्यावर दावा होण्याची शक्यता कितपत आहे? आणि ही सारी यंत्रणा चालवायला खर्च किती?

या कसोट्या बाजारपेठेच्या हिशेबाने लिहिलेल्या आहेत. त्यांत जात नाही. तरीही त्या आपल्या गटाराच्या तोंडाशी आणून लावून पाहू.

ज्ञानाचा प्रश्न घ्या. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे हवा मोकळी झाली असे कामगाराला वाटते, आणि त्याच क्षणी तो मृत्यूच्या अगदी जवळ असतो. एक बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. म्हणून एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार प्रेते सापडतात. अनुभवी कामगाराचे नाकही येथे त्याला फसवते. वायू मोजायचे यंत्र लागते, आणि ते विकत घेण्याची ताकद नगरपालिकेत, सोसायटीत, कंत्राटदारात असते. रोजंदारीवर आलेल्या माणसात नसते.

ऐपतीचा प्रश्न. नगरपालिका काम कंत्राटदाराला देते, तो पोटकंत्राटदाराला देतो, तो मुकादमाला सांगतो, मुकादम वस्तीत येऊन दोन पोरांना घेऊन जातो. साखळीच्या खालच्या टोकाला ज्याचे नाव सापडते त्याच्याकडे द्यायला काही नसते. ज्याच्याकडे असते त्याचे नाव कागदावर नसते. दाव्याचा प्रश्न तर विचारूच नये. नवरा गेलेली बाई दहा दिवसांत पुन्हा कामाला लागते. ती दिवाणी दावा कधी लावणार? म्हणजे केवळ भरपाईच्या भीतीने कोणी सुधारेल अशी परिस्थिती येथे नाही. येथे नियमन हवेच. आणि नियमन कागदावर राहते म्हणून दायित्वही हवे. अभ्यासकांच्याच कसोटीने दोन्ही मार्ग एकदम चालवावे लागतात.

आता आपल्या कायद्याचा प्रवास पाहू. १९९३ साली संसदेने हाताने मैला साफ करण्यास आणि कोरडे संडास बांधण्यास बंदी करणारा कायदा केला. तो स्वच्छतेचा विषय धरून केला होता. स्वच्छता राज्यांच्या सूचीत असल्याने ज्या राज्यांनी ठराव केले तेथेच तो आधी लागू झाला. महाराष्ट्र आणि गोवा त्यांत होते. या कायद्याची नजर संडासावर होती, तो साफ करणाऱ्या माणसावर नव्हती. २०१३ च्या कायद्याने नजर माणसाकडे वळवली. हा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. त्याच्या कलम ७ प्रमाणे कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा अभिकरण गटाराच्या वा मैल्याच्या टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष रीतीने कामावर लावू शकत नाही. 'अप्रत्यक्ष' हा शब्द पाठ करून ठेवण्यासारखा आहे. साखळीच्या वरच्या टोकापर्यंत हात पोचवणारा शब्द तोच आहे.

परंतु याच कायद्यात एक फटही आहे. सुरक्षेची साधने न देता केलेली हाताची सफाई म्हणजे 'धोकादायक सफाई', अशी त्याची व्याख्या आहे. साधने दिली असे कागदावर दाखवले की बंदी सैल होते. आणि 'हाताने मैला साफ करणारा' ही व्याख्या वेगळी असल्यामुळे सरकारला आकड्यांचा खेळ करता येतो. २०२१ च्या जुलैमध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की, हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारांत आणि टाक्यांत मेलेल्यांची मोजदाद मात्र सरकारच दुसऱ्या रकान्यात करीत होते. माणूस मेला तो एकदाच. पण एका रकान्यात तो मेलेला आहे आणि दुसऱ्यात नाही!

शिक्षेचे कलम पाहा. कलम ७ मोडल्यास पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'किंवा' शब्दामुळे दंड भरून सुटण्याची वाट मोकळी राहते.

यापुढचा अडसर कायद्याच्या पुस्तकातला नाही, मनातला आहे. 'तो आपल्या मर्जीने उतरला. त्याला पैसे हवे होते. दारू प्यायला होता.' पंचनाम्याच्या वेळी ही वाक्ये हमखास ऐकू येतात. ती नवी नाहीत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी न्यायालयांनी मालकांसाठी हीच ढाल घडवली होती : ज्याने धोका जाणून पत्करला त्याला तक्रारीचा हक्क नाही. पण त्याच इंग्लंडात १८९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने स्मिथ विरुद्ध बेकर या खटल्यात ही ढाल मोडली. डोक्यावरून यारीने दगड नेले जात आहेत हे माहीत असूनही काम करीत राहिलेल्या मजुराने धोक्याला संमती दिली असे होत नाही, असा तो निर्णय. धोका माहीत असणे वेगळे आणि तो मान्य असणे वेगळे.

आपल्याकडे १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय याच्याही पुढे गेले. संविधानाच्या २३ व्या कलमातील वेठबिगारीच्या बंदीचा अर्थ लावताना न्यायालयाने म्हटले की, सक्ती केवळ लाठीची किंवा कायद्याची नसते. भुकेची आणि दारिद्र्याचीही असते. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हाच मुद्दा मांडला होता. पोटासाठी हक्क गहाण टाकावे लागणाऱ्या माणसाला मूलभूत हक्कांचा उपयोग काय, असे त्यांनी विचारले होते. या दोहोंत आपण जात मिळवली की 'मर्जी' या शब्दात काय उरते? मेहतराच्या, वाल्मीकीच्या, रुखीच्या पोराला शंभर कामे समोर मांडून निवड करायला कोणी सांगितले होते? जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे आपण वाचलेले असते. गटाराच्या तोंडाशी ते डोळ्यांनी दिसते.

दायित्वाच्या तत्त्वाचा दुसरा टप्पा कारखान्यातून आला. १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी निर्णयाने धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याला चूक नसतानाही जबाबदार धरले, पण पळवाटाही ठेवल्या : दैवी आपत्ती, तिऱ्हाईताचे कृत्य इत्यादी. भोपाळच्या संहारानंतर वर्षभरात, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीतील एका खतकारखान्यातून ओलियम वायू गळला. एम. सी. मेहता यांच्या त्या प्रकरणात २० डिसेंबर १९८६ रोजी न्या. भगवती यांच्या घटनापीठाने पळवाटा बंद केल्या. धोक्याच्या उद्योगातून नफा मिळवणाऱ्याने नुकसानीची पूर्ण जबाबदारी घ्यावी. 'आम्ही सर्व काळजी घेतली होती' हा बचाव चालणार नाही. मग प्रश्न असा की, वायूने भरलेले गटार हे धोक्याचे ठिकाण नव्हे काय? शहर स्वच्छ राहते, तो लाभ सगळ्यांचा; मरण मात्र एकाच जातीच्या वाट्याला. लाभ घेणाऱ्याने भार उचलावा हे तत्त्व कारखान्याला लागते, तर महानगराला का लागू नये?

न्यायालये हळूहळू तेथवर आली आहेत. २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका खाजगी गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत मेलेल्या कामगारांच्या विधवांच्या याचिकेवर सांगितले की, रक्कम आधी शासनाने द्यावी आणि मग जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची रक्कम तीस लाख केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख.

या आदेशांतील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मोटार अपघाताच्या दाव्यात भरपाई मेलेल्याच्या मिळकतीवरून काढतात. म्हणजे ज्याला आयुष्यभर कमी मजुरी दिली, त्याचे मरणही स्वस्त! गटारातील मृत्यूला ठरावीक रक्कम लावून न्यायालयाने हा हिशेब बाजूला ठेवला. येथे जीवाचे मोल मजुरीवरून ठरत नाही. अर्थशास्त्री अभ्यासकांच्या चौकटीत न बसणारा न्यायाचा विचार नेमका येथे आहे.

पण धोकाही येथेच आहे. रक्कम शासनाच्या तिजोरीतून जाते. पाठवणाऱ्याकडून वसुली झाली नाही तर त्याला धडा मिळत नाही, आणि पैसे मिळाल्यावर फिर्याद मागे घ्या म्हणून दबाव येतो. भरपाई म्हणजे मरणाची किंमत चुकती झाली, असा समज वस्तीत पसरू देता कामा नये. भरपाई वेगळी, शिक्षा वेगळी, यंत्राने सफाई हा तिसरा हक्क वेगळा. यांतील कोणताही एक दुसऱ्याच्या बदल्यात नाही.

म्हणून घटना घडल्यावर कार्यकर्त्याने काही गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. केवळ अकस्मात मृत्यूच्या नोंदीवर न थांबता गुन्हा दाखल करण्याचा आग्रह धरावा. २०१३ च्या कायद्याचे कलम ७ व ९ लावायला सांगावे. हयगयीने मृत्यू हा गुन्हा पूर्वी दंड संहितेच्या ३०४-अ कलमात होता आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत आहे. पाठवणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले, हाताने मैला साफ करायला लावण्याविषयीचे कलमही तपासून पाहावे. पोलीस बहुधा मुकादमाला पकडतात, आणि मुकादम पुष्कळदा आपल्याच समाजाचा असतो. मग हे कलमही गळते आणि वरची माणसेही सुटतात. तेव्हा कामाचा आदेश कोणी काढला, कंत्राट कोणाच्या नावे, बिल कोणी मंजूर केले, हे कागद माहितीच्या अधिकाराखाली मागवावेत. वायू मोजल्याची नोंद मागावी. ती नसेल तर तिचे नसणे हाच पुरावा आहे.

अभ्यासक विचारतात, अपघात टाळणे कोणाला सर्वांत स्वस्त होते? गटाराबाबत याचे उत्तर अवघड नाही. ज्याने एक यंत्र भाड्याने आणायचे टाळले आणि वस्तीत माणूस धाडला, त्याला. हे यंत्र आणि हा माणूस यांच्या किमतीतला फरक जातीने ठरवला आहे. तो फरक जोवर पाठवणाऱ्याच्या खिशातून आणि त्याच्या स्वातंत्र्यातून वसूल होत नाही, तोवर माणूसच स्वस्त राहील आणि माणूसच खाली उतरवला जाईल.